ओली वाकळ

नेसरीत कुणाची म्हैस आडवी पडली की माणसं आधी जोतीरामाला हाक मारत, मग डॉक्टरला. डॉक्टर गाडीवरून येईपर्यंत बहुतेक वेळा म्हैस उठून वैरणीला तोंड लावत असायची. जोतीराम काही मोठा शिकलेला नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं शिपाई. सुया उकळल्या, पट्ट्या बांधल्या, अडलेल्या म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकं ओढून काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी दारात रोज कुणीतरी उभं. "आबा, चला की. तुमच्या हाताला गुण हाय," एवढं कानावर पडलं की गडी जेवणाच्या ताटावरून उठायचा. ते वाक्य त्याला किती गोड लागतं हे त्याची बायको तानाबाई बरोबर ओळखून होती. "तुमाला चा नगं, पेन्शन नगं, तेवडं एक कुणीतरी म्हणाय पायजे," असं ती म्हणायची. चार वर्षांमागं तीही गेली. माणसाच्या आजारात त्याच्या हाताचा काही उपयोग झाला नाही.

मागं राहिली एकुलती एक पोरगी, तेजस्वी. आणि या पोरीनं करावं काय? नदीत पोहायला शिकली, कॉलेजात पोहण्याच्या शर्यती मारल्या आणि एक दिवस आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रावर गेली, ती तिथंच नोकरीला लागली. नोकरी कसली, तर कायाक चालवायची. कायाक म्हणजे शेंगेच्या टरफलासारखी लांबट होडी. दोघांनी पुढंमागं बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जायचं. शहरातली माणसं पैसे मोजून त्यात बसतात, दोन रात्री उघड्यावर तंबूत राहतात आणि देवमासा दिसतो का ते बघतात. तेजस्वी त्यांची गाइड.

"खुळ्यांचा बाजार," जोतीराम म्हणायचा. "दूध देत न्हाय, औताला चालत न्हाय, आन् त्या माशाला बगाय जात्यात व्हय?"

"मासा न्हवं आबा. जनावर हाय त्ये. पिल्लाला दूध पाजतंय."

"मग खरवस काडा की त्याचा. आक्क्या गावाला पुरंल."

अशी थट्टा करायचा, पण खाली जायचं नाव नाही. पोरीनं तीन वर्षं विनवण्या केल्या. "एकदा येऊन बगा तरी मी काय काम करतो ते," म्हणायची. (आमच्याकडच्या पोरी 'करतो'च म्हणतात, हसू नका.) शेवटी या माघात तो तयार झाला. एस.टी.त बसला तेव्हा काखेत एक भलं मोठं बोचकं. त्यात वाकळ. तानाबाईनं आपल्या जुन्या लुगड्यांचे चार थर घालून शिवलेली, भिजली तर दोघांना पिळावी लागेल अशी जड. तेजस्वी म्हणाली, तिथं झोपायच्या पिशव्या असतात. तर म्हणतो कसा, "पिशवीत घुसाय मी काय कांदा हाय?"

त्या खेपेला पाहुणे दोघंच होते. कोल्हापूरचं जोडपं. सम्राटचा लेथ मशीनचा छोटा कारखाना, त्याची बायको वर्षाराणी शाळेत शिक्षिका. एका कायाकमध्ये ती दोघं, दुसऱ्यात पुढं जोतीराम आणि मागं तेजस्वी. दोन तास वल्ही मारल्यावर डोंगराच्या पोटात दडलेली एक पुळण लागली. तिथं ना रस्ता, ना घर, ना मोबाइलला रेंज. तंबू तेवढे आधीच मारून ठेवलेले.

जोतीरामानं पोरीला हुकूम सोडताना कधी पाहिलंच नव्हतं. जाकीट काढू नका, खडकापलीकडं जाऊ नका, वल्हं आडवं धरा. आणि तो कारखानदार गडी 'हो ताई, बरं ताई' करत ऐकत होता. बापाचा ऊर भरून आला, अगदी खरं सांगतो. पण तोंडानं कबूल करील तर तो जोतीराम कसला. संध्याकाळी तेजस्वी दोघांना समोर बसवून देवमाशाची माहिती सांगायला लागली. हा मात्र उठून चुलीकडं गेला. बापानं पोरीचा तास ऐकायचा म्हणजे काय? आमटी ढवळत बसला. तेवढ्या अर्ध्या तासात जे सांगितलं गेलं ते त्याला पुढं फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमासे दिसले. एक आई, एक पिल्लू. लांबवर काळी पाठ वर आली, फुस्स करून पाण्याचा फवारा उडाला आणि वर्षाराणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. जोतीराम बघतच राहिला. एवढं मोठं जनावर आणि पिल्लाला कसं कडेला घेऊन चाललंय, आमच्या म्हशी रेडकाला रस्त्याच्या आतल्या अंगाला घेतात तसं. "चूळ भरून टाकल्यागत करतंय की," तो म्हणाला. मागं तेजस्वी हसली. ती काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात आई बुडाली आणि सगळे पाण्याकडं बघत राहिले. तंबूकडं परतताना त्यानं मनात ठरवलं, जाताना एस.टी.त पोरीला सांगायचं. 'बरं काम हाय तुजं', एवढं तरी म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर ओरडली ती वर्षाराणी. ओहोटीनं पाणी पार मागं गेलेलं आणि पुळणीच्या टोकाला ते पिल्लू वाळूवर पडलेलं. पिल्लू म्हणायचं आपलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीहून लांब. पोटाखाली वाळू दबून गेलेली, शेपूट मधूनच थडकन आपटायची. जिवंत होतं. बाहेर समुद्रात दर थोड्या वेळानं फवारा उडत होता. आई हटली नव्हती.

तेजस्वीनं कानशिलावरचा घाम पुसला आणि भराभर सांगितलं. "दुपारी एकला भरती हाय. पाणी हितवर आलं की ह्ये तरंगंल. तवर जगवायचं. मी कायाक घेऊन टोकाला वळसा घालतो, रेंजमदी जाऊन वनखात्याला फोन करतो आन् मच्छीमारांची बोट आणतो. आबा, तंबूतल्या बादल्या आना."

जोतीराम पळाला. चौसष्ट वर्षांचा माणूस वाळूतून पळत सुटला. त्याच्यामागं तेजस्वी त्या दोघांना सांगत होती: पाठ ओली ठेवा, ओल्या चादरी टाका, पण डोक्याच्या वर ती दोन भोकं आहेत ना, तिथं पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, कापड तर अजिबात नको, ते त्याचं नाक आहे. हे सगळं सांगून तिनं कायाक पाण्यात ढकलली. जोतीराम दोन बादल्या, एक घमेलं आणि काखेत वाकळ घेऊन परत आला तेव्हा ती खडकाच्या टोकाला पोचली होती.

पहिला तासभर सगळं बरोबर झालं. बादल्या येत होत्या, पाठीवर पडत होत्या. चादरी भिजवून टाकल्या. पण ऊन चढलं. माघातलं का असेना, समुद्रावरचं ऊन ते, वाळू तापायला लागली. पिल्लाचा डोळा अर्धा मिटला. जोतीरामानं तो डोळा बघितला. असा डोळा त्यानं शंभरदा बघितलेला. चैत्रात म्हैस उन्हानं पडते तेव्हा असाच डोळा होतो. त्यावर त्याचा इलाज ठरलेला. गोणपाट भिजवून डोक्यावर टाकायचं आणि कपाळावरून पाण्याची धार धरायची. उष्मा डोक्यातून उतरला की म्हैस उठते. एक म्हैस म्हणून दगावली नव्हती.

त्यानं वाकळ समुद्रात बुडवली. एकट्याला उचलेना. "धरा की पावणं," तो सम्राटला म्हणाला.

सम्राट घुटमळला. "मामा, ताई म्हणाल्यात डोक्यावर काही टाकायचं नाही. नाक आहे म्हणं तिथं."

"नाक तोंडाच्या म्होरं आसतंय का टाळूवर?"

"नाही, पण त्या म्हणाल्या..."

"तिला मी जलम दिलाय," जोतीराम कडाडला. "तेहतीस वर्षं जनावरं केल्यात म्या. तिनं पुस्तकात वाचलंय. त्येचा डोळा बगा, डोस्कं तापलंय त्येचं. अजून तासभर आसं ठेवलं तर भरतीला मढं तरंगंल. धरा!"

आता तुम्ही म्हणाल, सम्राटनं का ऐकलं? काय करणार तो? समोर पांढऱ्या मिशांचा, जनावरांत हयात घालवलेला माणूस, त्यातून ताईचा बाप. त्यानं वाकळीचं टोक धरलं. वर्षाराणीनं दुसरं धरलं. चार थरांची ती ओली वाकळ त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून ओढली, मागं मानेपर्यंत. वारा येत होता म्हणून जोतीरामानं कडांवर दगड ठेवले. आणि त्यानं धार धरली, बादलीमागून बादली, शांतपणे, तोंडानं "हो हो हो, गप, गप बाळा" करत, जशी तो म्हशींना करायचा.

पिल्लानं शेपूट दोनदा जोरात आपटली. "बगा, हुशारी आली," जोतीराम म्हणाला. मधूनच वाकळ एका जागी आत ओढल्यासारखी व्हायची आणि फुगायची. त्याला वाटलं वारा आहे. त्यानं तिथं अजून एक दगड ठेवला.

मग वाकळ हलायची थांबली.

बराच वेळ त्यानं धार चालूच ठेवली. मग बादली खाली ठेवून त्यानं डोळा बघितला. डोळा उघडा होता आणि त्यावर माशी बसली होती. जोतीरामानं वाकळीखाली हात घातला. आयुष्यभर म्हशींच्या नाकपुड्यांत बोटं घालून त्यांना धरलेला हात तो. टाळूवर बोटं फिरली आणि दोन ओल्या, मऊ कडांच्या खाचांवर थांबली. कुणी सांगायची गरज राहिली नाही. बोटांनी ओळखलं. समोर समुद्रात परत एकदा फवारा उडाला, फुस्स, आणि चूळ नव्हे तर श्वास म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी समजलं.

त्यानं हात बाहेर काढला. सम्राट विचारत होता, "बरं आहे का मामा?" जोतीराम वाळूत बसून राहिला.

तेजस्वी आली तेव्हा पाणी पिल्लाच्या शेपटीला लागलं होतं. मागं मच्छीमारांची बोट, दोरखंड, सहा माणसं. बोट टेकायच्या आधी तिनं पाण्यात उडी टाकली आणि धावत आली. आली ती थबकली. वाकळ तिनं लांबूनच ओळखली. लहानपणी त्याच वाकळीत झोपलेली पोरगी ती. जवळ येऊन तिनं एकेक दगड काढून बाजूला ठेवला, वाकळ मागं सारली, दोन बोटं त्या भोकांवर ठेवली आणि तशीच बसून राहिली. सम्राट मान खाली घालून उभा. वर्षाराणी रडत होती.

"तेजू," जोतीराम म्हणाला, "डोळा उन्हानं..."

"व्हय आबा," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

भरती आली. पाण्यानं पिल्लू उचललं. तेजस्वी म्हणाली होती अगदी तसं, एकच्या सुमाराला तरंगायला लागलं. मच्छीमारांनी ते दोरानं बांधून धरलं, वाहून जाऊ नये म्हणून.

दुपारी वनखात्याची माणसं आली, बरोबर एक डॉक्टरीणबाई. त्यांनी तपासलं. श्वासनलिकेत पाणी, नाकपुड्यांच्या कडांना कापडाचे धागे. साहेब वही उघडून उभे राहिले. कायद्यानं वाघाएवढं जपलेलं जनावर, पंचनामा तर व्हायलाच हवा. "डोक्यावर कापड कुणी टाकायला सांगितलं?"

जोतीरामाचं तोंड उघडलं. मी, हे एक अक्षर. जिभेवर आलेलं. आणि त्याच्या डोळ्यांपुढं दाराशी उभी राहणारी माणसं आली. 'आबा, चला की.' तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मी," तेजस्वी म्हणाली. "ओलं ठेवा म्हणून सांगितलं. नाकाचं सांगायचं घाईत राहून गेलं. चूक माझी आहे."

सम्राटनं झटकन तिच्याकडं पाहिलं, मग जोतीरामाकडं. पण वाकळीची दोन टोकं त्यानं नि त्याच्या बायकोनंच धरली होती. तोही गप्प बसला. साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला, 'गाइड तेजस्वी जोतीराम यांच्या सांगण्यावरून' असं त्यात स्पष्ट होतं. पंच म्हणून खाली सम्राटनं सही केली. दुसरा पंच जोतीराम. त्यानं चष्मा पुसला, पेन घेतलं आणि नीट, वळणदार अक्षरात सही केली. तानाबाईची वाकळ पोत्यात घालून, तोंड शिवून, मुद्देमाल म्हणून बोटीत गेली.

तेजस्वीची नोकरी संध्याकाळच्या आत गेली. मालकानं फोनवरच सांगितलं. पुढं दोनदा जबाबाला जावं लागलं, आणि किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुणी तिला उभं केलं नाही. परतीच्या एस.टी.त बाप-लेक शेजारी बसले. जे सांगायचं त्यानं ठरवलं होतं ते आता कुठल्या तोंडानं सांगणार? आजऱ्याच्या अलीकडं त्यानं एवढंच विचारलं, "का गं सांगितलंस तसं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "माणसं बोलवायची बंद झाली तर तुमी दिवसभर घरात काय करणार, आबा?"



ती आता गावातल्या डेअरीवर दूध घ्यायला बसते. घटना मोबाइलवर आली, पेपरात आली, 'गाइडच्या हलगर्जीपणाने' असं ठळक अक्षरात. सगळ्या गावानं वाचलं. जोतीरामाचं नाव त्यात कुठंच नव्हतं, तेव्हा म्हातारा त्या वेळी तंबूत असणार असं गावानं धरून टाकलं. जोतीरामाच्या दारात मात्र माणसं येतच राहिली, उलट जरा जास्तच. बिचाऱ्याच्या पोरीनं नाव घालवलं म्हणून.

चैत्रात केरबाची म्हैस उन्हानं पडली. पाचव्या वेताची, दुधाला उत्तम. भर दुपारी केरबा बोलवायला आला, वाटेत डेअरीवरून सुटलेली तेजस्वी भेटली, तीही मागोमाग आली. घरामागच्या परड्यात पंधरा-वीस माणसं जमलेली. जोतीरामानं डोळा बघितला. तोच अर्धा मिटलेला डोळा. त्यानं गोणपाट भिजवून म्हशीच्या डोक्यावर टाकलं, तेजस्वीनं न सांगता घागर भरून दिली आणि धार सुरू झाली. घटकाभरानं म्हशीनं कान हलवले. मग मान उचलली.

"नाद खुळा!" कुणीतरी ओरडलं.

केरबाचे डोळे भरून आले होते. आनंदात माणूस काय बोलतो याला काही धरबंध नसतो. तेजस्वी समोर उभी आहे हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. म्हणाला, "आबा, त्या समुद्रावर तुमी हुबं असायला पायजे हुतासा. त्ये जनावर मरू दिलं नसतं तुमी."

जोतीरामाची धार थांबली. तेजस्वी दुसरी घागर घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. तिची ती खाली गेलेली मान बघितली आणि त्याच्या आत काहीतरी तुटलं.

"मी हुतो की तितं," तो म्हणाला. "म्याच मारलं त्ये. वाकळ माजी, हात माजा. पोरगी नगं म्हणून बजावून गेलती. म्या ऐकलं न्हाय. तिनं माजं पाप आंगावर घेतलं आन् म्या खाली सही केली."

मग केरबानं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बापाचं काळीज बगा," तो बाकीच्यांकडं वळून म्हणाला. "पोरीचं झाकाय सोताच्या डोक्यावर घेतोय."

"आरं, खरं सांगतोय की!" जोतीराम ओरडला. आवाज फाटला. "सम्राटला इचारा, त्या कोल्हापूरच्या पावण्याला! मी मारलं! ह्या हातानं!"

"असू दे, आबा. असू दे," म्हातारी धोंडुबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "आई न्हाय पोरीला. तुमीच न्हाय तर कोण झाकणार?" माणसं माना हलवत होती. जेवढा तो ओरडला तेवढा त्यांच्या नजरेत तो मोठा होत गेला. आणि तेजस्वीकडं बघणाऱ्या नजरा आणखी वाकड्या झाल्या, असल्या देवमाणसाच्या पोटी ही, अशा.

तो पोरीकडं बघायला लागला. सांग की गं, असं त्याचे डोळे म्हणत होते. तेजस्वीनं घागर त्याच्या हातात दिली आणि त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाली, "पाणी वता, आबा. गोणपाट वाळाय लागलंय. नाक तेवडं मोकळं ऱ्हाऊ द्या."

जोतीरामानं गोणपाट चार बोटं मागं सरकवलं आणि धार धरली.